सोळाव्या वर्षीचा आवाज

शनिवार, रात्र

दुपारी भाचीचा फोन आला होता. यंदा सोळावं लागलं तिला. गाण्याच्या क्लासमध्ये बाईंनी खमाजातली एक ठुमरी शिकवायला घेतली आहे आणि ही अडून बसली आहे. म्हणाली, “मावशी, त्यातली बाई रात्रभर कुणाची तरी वाट बघतेय. मी आजवर फक्त बसची वाट बघितली आहे. मी कसं म्हणू ते?”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. माझंही गाणं याच वयात, याच प्रश्नावर अडलं होतं. मिरजेला एका घरगुती बैठकीत मी तिलककामोदातली एक चीज म्हटली होती, विरहाचीच. संपल्यावर समोरच्या एका जाणत्या गृहस्थांनी सगळ्यांदेखत विचारलं, “बाळ, तुला काय कळतंय यातलं?” सगळे हसले, मीही हसले. पण ती चीज पुन्हा कधी म्हटली नाही आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गाणंच मागे पडलं.

फोन ठेवल्यावर कपाटाच्या खालच्या खणातून जॉस स्टोन या गायिकेच्या ‘द सोल सेशन्स’ या अल्बमची सीडी काढली. संध्याकाळपासून तीच चालू आहे, आता तिसऱ्यांदा.

ही मुलगी इंग्लंडची. जन्म १९८७ चा, डोव्हरचा. वाढली डेव्हनमधल्या अ‍ॅशिल नावाच्या लहानशा गावात. घरात अरेथा फ्रँकलिनच्या निवडक गाण्यांची सीडी होती, तिची स्वतःची पहिली सीडी, आणि ती ऐकून ऐकूनच तिचा गळा तयार झाला. शाळेत जीव रमत नव्हता, कारण अक्षरं वाचताना त्रास व्हायचा. बीबीसीच्या एका स्पर्धेत ती गायली, जिंकली, आणि पुढे न्यूयॉर्कच्या स्टीव्ह ग्रीनबर्गने तिला आपल्या कंपनीत घेतलं. सप्टेंबर २००३ मध्ये हा अल्बम आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. दहा गाणी, आणि दहाही दुसऱ्यांची. बहुतेक साठ-सत्तरच्या दशकांतली, अमेरिकेतल्या काळ्या गायक-गायिकांनी गाजवलेली किंवा गाऊन विस्मरणात गेलेली.

सोल हे संगीत चर्चमधल्या भजनी गाण्यातून आणि ब्लूजमधून वर आलेलं. देवाला मारायची ती हाक माणसाला मारायची, असा त्याचा पिंड. आवाज नुसता सुरेल असून भागत नाही. तो कुठे फाटू द्यायचा, कुठे आवरायचा, शब्द सुरात नुसता ठेवायचा की त्यावर झोका घ्यायचा, हे सगळं कळावं लागतं. एरवी सोळा वर्षांची पोर असं गायली की आवाज मोठा आणि गाणं पोकळ, असं बरेचदा होतं.

इथे तसं झालं नाही, आणि त्याचं मोठं कारण बेटी राइट आहे असं मला ठामपणे वाटतं.

बेटी राइट मायामीची. लहानपणी घरच्यांबरोबर चर्चची गाणी म्हणायची. तिचा पहिला अल्बम १९६८ मध्ये आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ‘क्लीन अप वूमन’ हे तिचं सर्वांत गाजलेलं गाणं १९७१ चं, म्हणजे वय सतरा. प्रौढ बाईच्या तोंडी शोभेल असा सल्ला ती त्या वयात देत होती आणि कुणाला खोटा वाटला नाही. जॉसच्या या अल्बमच्या निर्मात्यांमध्ये ग्रीनबर्ग आणि मायकेल मँजिनी यांच्याबरोबर बेटी राइट होती. सोळाव्या वर्षी अनुभवाच्या पुढचं गाणं गायचं म्हणजे काय, हे जिने स्वतः करून पाहिलं होतं, तीच पोरीच्या शेजारी उभी होती.

साथीला माणसंही तिने आपल्याच गोतावळ्यातली बोलावली. गिटारवर विली हेल, ज्याला सगळे लिटिल बीव्हर म्हणतात. ‘क्लीन अप वूमन’च्या सुरुवातीला जी खेळकर, खट्याळ गिटार वाजते ती याचीच. बत्तीस वर्षांनी तोच हात एका इंग्रज मुलीला साथ करतोय. ऑर्गनवर टिमी थॉमस, पियानोवर लॅटिमोर, दोघेही सत्तरच्या दशकात स्वतःच्या गाण्यांनी नाव कमावलेले. पन्नाशी-साठीतले हे लोक कुठेही पोरीच्या पुढे धावत नाहीत आणि तिला सांभाळून घेतोय असा आवही आणत नाहीत. ठेका इतका ऐसपैस ठेवतात की तिला श्वास घ्यायला जागा मिळते. हेडफोन लावून ऐकलं की कळतं: ती ओळ संपवते, क्षणभर काहीच नाही, मग गिटारचे दोन-तीन स्वर, हुंकारासारखे. आमच्या बाई मी तान चुकले की पेटीवर अशाच दोन पट्ट्या दाबायच्या. रागवायच्या नाहीत, फक्त वाट दाखवायच्या.

‘डर्टी मॅन’ मी आज किती वेळा ऐकलं याला हिशेब नाही. मूळ लॉरा लीचं, १९६७ चं. नवऱ्याची बाहेरची भानगड कळलेली बाई त्यात म्हणते की मी घर स्वच्छ ठेवणारी बाई आहे, झाडू घेऊन तुलाही रस्त्यावर लोटून देईन. लॉरा ली हे म्हणते तेव्हा तिच्या आवाजात वर्षानुवर्षांचं घरकाम ऐकू येतं. झाडूचा बुंधा हातात घट्ट धरलेला दिसतो. जॉस तेच शब्द म्हणते तेव्हा तिच्याकडे ती वर्षं नाहीत, आणि तिने ती असल्याचं सोंगही केलेलं नाही. ती गाणं जरा मागे धरून म्हणते. जोर लावायच्या जागी लावत नाही, थांबते. शेवटाकडे एकदा खालच्या पट्टीत जाऊन आवाज असा घोगरा सोडते की अंगावर काटा येतो. तिला अर्थ कळलाय की नाही हा प्रश्न तिथे माझ्यापुरता गळून पडला. गाणं कसं घडवलंय ते तिला कळलं होतं. कुठल्या शब्दावर बाई दुखावली आहे आणि कुठल्या शब्दावर तिने ठरवून टाकलं आहे, हे तिने कानांनी शोधलं होतं.

मिरजेच्या त्या गृहस्थांना मला हेच सांगायला हवं होतं. तेव्हा शब्द नव्हते.

बाकी गाण्यांचं सांगायचं तर ‘द चोकिन काइंड’ची मला फार गंमत वाटते. हार्लन हॉवर्ड या कंट्री गाणी लिहिणाऱ्याने ते लिहिलं, वेलन जेनिंग्सने १९६७ मध्ये गायलं, मग १९६९ मध्ये जो सायमनने त्याचं सोल गाणं केलं, आणि तिथून ते डेव्हनच्या मुलीपर्यंत आलं. चीज एकच, प्रत्येकाची जागा वेगळी. ‘ऑल द किंग्ज हॉर्सेस’ अरेथाचं, तिने स्वतः लिहिलेलं, १९७२ चं. ते निवडायला छाती लागते, पण मला अजून मूळच जास्त आवडतं. व्हाइट स्ट्राइप्स या बँडचं ‘फेल इन लव्ह विथ अ गर्ल’ हे दोन मिनिटांच्या आत संपणारं धडाधड रॉक गाणं, ‘गर्ल’च्या जागी ‘बॉय’ करून संथ म्हटलंय, रूट्स या फिलाडेल्फियाच्या मंडळींना घेऊन. अल्बममध्ये नव्या काळातलं असं तेवढं एकच.

बेटी स्वॉनचं ‘व्हिक्टिम ऑफ अ फूलिश हार्ट’ मला याच अल्बममुळे कळलं. मूळ १९७२ चं. ते शोधून ऐकलं तेव्हा वाटलं, इतकी वर्षं ही बाई मला माहीत नव्हती! आणि याचं वाईटही वाटतं. काळ्या बायकांनी घाम गाळून घडवलेलं गाणं एका गोऱ्या मुलीच्या तोंडून माझ्यापर्यंत यावं, हे मला सलतं. जॉसबद्दल हा आक्षेप बऱ्याच जणांनी घेतला आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. मूळ गाणाऱ्यांना त्यांच्या काळात तेवढे पैसे आणि तेवढा मान मिळाला असता तर गोष्ट वेगळी होती. पण हा अल्बम करणाऱ्यांनी त्या पिढीतल्या माणसांना बाजूला सारलं नाही, त्यातल्या कित्येकांना स्टुडिओत बोलावून हातात वाद्य दिलं. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात.

आपल्याकडे कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा म्हणून दाखवायचे. मग देवधर मास्तरांकडे आले आणि तालमीला बसले. नक्कल करणाऱ्या पोराचं पुढे काय होतं, हे त्याला कोण भेटतं यावर बरंच अवलंबून असावं. जॉसला भेटलेली बेटी राइट १० मे २०२० रोजी गेली, ६६ वर्षांची होऊन.

रविवार, सकाळ

उठल्या उठल्या तंबोरा गवसणीतून काढला. जवारी बिघडली आहे, तरी लावला. काळी चारच्या उंच पट्टीचा आवाज आता माझा राहिलेला नाही, म्हणून खाली काळी दोनवर धरला. तिलककामोदातली ती चीज. स्थायी सगळी आली, अगदी बाईंनी दिलेल्या जागांसकट. अंतऱ्याची दुसरी ओळ काही केल्या आठवेना. ताईला फोन केला, तीही तेव्हा त्याच क्लासला होती. तिने भाजी चिरता चिरता पलीकडून म्हणून दाखवली. मी कागदावर उतरवून घेतली.

मग भाचीला फोन लावला. तिला सांगितलं की आज फक्त ऐकायचं, म्हणायचं नाही. आधी लॉरा ली लावली, मग जॉस, मग पुन्हा लॉरा ली. दोघींनी ‘डर्टी’ हा शब्द कुठे ओढला आणि कुठे तोडला, ते शोधून सांग म्हटलं. तिने सांगितलं, आणि मी न ऐकलेली एक जागाही दाखवली. नंतर म्हणाली, “मावशी, आता तू म्हण.”

फोन स्पीकरवर ठेवला आणि तंबोरा पुन्हा मांडीवर घेतला.