आमच्या पेशातला माणूस

५ एप्रिल २०२३, बुधवार. आदल्या दिवशी महावीर जयंतीची सुट्टी, त्यामुळे ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या डेंटल लॅबमध्ये दोन दिवसांचं काम एकदम येऊन पडलं होतं. नौपाड्यातून मापं, घोडबंदर रोडवरून ब्रिजच्या केसेस, कळव्याहून परत आलेली एक कवळी. मी स्लिपा वाचून ट्रे लावत होतो. लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करणारी मुलगी आत आली, पर्स ठेवली आणि अ‍ॅप्रन न चढवताच म्हणाली, "सर, टॉयबर गेले."

क्लाउस टॉयबर. 'कटान' हा पटावरचा खेळ घडवणारे जर्मन गृहस्थ. १ एप्रिललाच गेले होते, थोड्या दिवसांच्या गंभीर आजारानं. वय ७०. घरच्यांनी बातमी नंतर दिली आणि आमच्याकडे ती मंगळवारी रात्री उशिरा पोचली. मुलगी बराच वेळ जागी होती हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं.

हा खेळ लॅबमध्ये आणला तिनंच. एका पावसाळ्यात रुळांवर पाणी चढलं, गाड्या बंद पडल्या आणि आम्ही सगळे रात्री उशिरापर्यंत लॅबमध्येच अडकलो. तेव्हा तिनं बॅगेतून डबा काढला आणि प्लास्टरचं टेबल पुसून त्यावर बेट मांडलं. १९ षटकोनी तुकडे. जंगलातून लाकूड, टेकड्यांमधून विटा, कुरणांवरून मेंढ्या, शेतांतून गहू, डोंगरातून खनिज, आणि एक वाळवंट, तिथं चोर बसलेला. दोन फासे टाकायचे, जो आकडा पडेल तो ज्या जमिनीवर असेल, तिला लागून ज्याचं गाव असेल त्याला तिथला माल. त्या मालातून रस्ते, गावं, शहरं उभी करायची. १० गुण ज्याचे आधी, तो जिंकला.

लहानपणी आम्ही 'व्यापार' खेळायचो. त्यात एकेकाचं दिवाळं निघायचं आणि ज्याचं निघालं तो तासभर दुसऱ्यांचे तोंड बघत बसायचा, नाहीतर भांडून उठायचा. कटानमध्ये शेवटच्या फाशापर्यंत कुणी बाहेर पडत नाही. शिवाय लागणारं सगळं कुणाकडेच नसतं. दुसऱ्याशी बोलल्याशिवाय, देवघेव केल्याशिवाय तुमचा रस्ता पुढे सरकत नाही. "मेंढी घे, वीट दे," "दोन गहू देते पण चोर माझ्याकडे आणायचा नाही," असला बाजार त्या रात्री आमच्याकडे भरला होता. आमचा प्लास्टर ओतणारा मुलगा एरवी दिवसभरात चार वाक्यं बोलत नाही. तो त्या रात्री सगळ्यांच्या विटा घेऊन बसला आणि भाव करत राहिला. त्यानंतर शनिवारी काम संपलं की टेबल पुसलं जाऊ लागलं. कधी लॅबचीच मंडळी, कधी मुलीच्या ओळखीतला घोडबंदरकडचा गट.

मला मात्र खेळाइतकंच त्या माणसानं धरून ठेवलं होतं, कारण टॉयबर आमच्याच पेशातले. दंततंत्रज्ञ. डार्मश्टाटजवळ त्यांची लॅब होती, वडिलांकडून आलेली. दिवसभर दात घडवायचे आणि संध्याकाळी घराच्या तळघरात खेळ. नमुना करायचा, बायको-मुलांना खेळायला बसवायचं, कुठे कंटाळा येतो, कुठे अडतं ते बघायचं आणि पुन्हा तळघरात उतरायचं. १९८८ मध्ये त्यांचा 'बार्बारोसा' आला आणि त्याला 'श्पील देस यारेस', म्हणजे जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. या खेळात प्लॅस्टिसिनच्या वस्तू वळायच्या आणि इतरांनी त्या ओळखायच्या. दिवसभर मेणात दाढा कोरणाऱ्या माणसाच्या हातांनी घरी गेल्यावर असाच खेळ शोधावा, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार भरून आलं होतं. मग १९९० आणि १९९१ मध्ये पुन्हा तोच मान, आणि १९९५ मध्ये कटानला. चार वेळा. एवढं होऊनही १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांनी लॅब सोडली नाही. कटानच्या ४ कोटींहून जास्त प्रती गेल्या, ४० हून जास्त भाषांत तो खेळ पोचला, आणि त्यातली पहिली काही वर्षं हा माणूस सकाळी उठून कामाला लॅबमध्येच जात होता.

दुपारी जेवताना मुलगी म्हणाली, "सर, आमच्या गटातले सगळे म्हणतायत की आज कुठेतरी एकत्र बसू या. त्यांना लॅबमध्ये यायचंय. टॉयबर दिवसभर काय काम करायचे ते बघायचंय म्हणतात."

इतकी वर्षं लॅब चालवतोय, पण डॉक्टर आणि माल पोचवणारे सोडले तर आमचं काम बघायला म्हणून कुणी आलेलं मला आठवत नाही. पेशंटच्या तोंडातली कॅप डॉक्टरांनी बनवलेली नसते. डॉक्टर दात घासून बारीक करतात, माप घेतात आणि ते माप आमच्याकडे येतं. मॉडेल, मेण, ओतकाम, सिरॅमिकचे थर, भट्टी, रंग जुळवणं, हे सगळं पाचपाखाडीतल्या या खोलीत होतं. पेशंट डॉक्टरांना पेढे नेऊन देतो. लॅब नावाची काही जागा आहे हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मला याचं कायम वाईट वाटत आलंय, माझ्यापेक्षा माझ्याकडे काम करणाऱ्या पोरांसाठी जास्त.

मी म्हटलं, "सातनंतर बोलाव. धूळ असते, हे आधीच सांगून ठेव."

सातच्या सुमारास माणसं यायला लागली. दहा-बारा जण असतील. ऐरोलीच्या आयटी कंपनीतून थेट आलेले दोघं, इंजिनिअरिंगची पोरं, एक शाळेतल्या बाई, वर्तकनगरहून आलेले निवृत्त काका आणि त्यांची नात. चपला बाहेर काढून आले सगळे, खरं तर लॅबमध्ये कुणी काढत नाही. घोडबंदरच्या डॉक्टर मॅडमही आल्या. त्यांच्या केसेस वर्षानुवर्षं आम्ही करतो, पण त्या कटान खेळतात हे मला त्या संध्याकाळी कळलं.

कळव्याची कवळी टेबलावरच होती. आजोबांची पूर्ण कवळी, वरची आणि खालची. डाव्या बाजूनं चावलं की उजवीकडून उचलली जायची. तिथल्या डॉक्टरांनी मेणात नवा बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात कसे मिटतात त्याचा ठसा, घेऊन पाठवला होता आणि रात्री नऊपर्यंत ती जायची होती. मी म्हटलं, हेच दाखवतो, टॉयबर यांनी हेच केलं असणार.

दुपारीच दोन्ही कवळ्या नव्या बाइटवर जुळवून आर्टिक्युलेटरवर प्लास्टरनं बसवल्या होत्या. आर्टिक्युलेटर म्हणजे जबड्यासारखा उघडमीट करणारा साचा. दातांमध्ये निळा कागद धरला, घोड्याच्या नालेच्या आकाराचा आणि अगदी पातळ. साचा मिटला, उघडला. दाढांवर निळे ठिपके उमटले. मी दिवा जवळ ओढला आणि एकेकाला वाकून बघायला सांगितलं. जिथं नुसता टेकलाय तिथं फिकट ठिपका. जिथं जास्त दाब आहे तिथं निळं कडं, आणि मधे पांढरं, कारण दाबानं मधला रंग पुसला जातो. चोर तिथं असतो. बर, म्हणजे घासायचं छोटं फिरतं टोक, लावून ते कडं हलक्या हातानं घासलं. पुन्हा कागद, पुन्हा मिटणं, आणि आता दुसऱ्याच दाढेवर कडं उमटलं.

निवृत्त काकांनी विचारलं, "म्हणजे एक जागा उतरवली की दुसरी उंच होते?"

"होते. म्हणून थोडं थोडंच घासायचं. एकदम काढलंत तर सगळा चाव खाली जातो."

त्यांची नात आठवी-नववीतली. ती म्हणाली, "कटानमध्ये टेकड्या तीनच आहेत, आजोबा. जंगलं चार, शेतं चार, कुरणं चार, पण टेकड्या आणि डोंगर तीन-तीन. चार केल्या असत्या तर विटा कुणी मागितल्याच नसत्या."

मी बर खाली ठेवला. एवढ्या वेळा खेळलो, पण ही मोजणी माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. काकांनी मग सांगितलं की नातीला संभाव्यता त्यांनी याच खेळावर शिकवली. दोन फाशांची ३६ फळं. सहा पडायच्या पाच तऱ्हा, आठ पडायच्याही पाच, म्हणून त्या आकड्यांखाली पाच ठिपके आणि रंग लाल. दोन आणि बाराला एकेकच. साताच्या सहा, सगळ्यांत जास्त, आणि त्या सातालाच चोर हलतो आणि ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील त्याचे निम्मे जातात. साठवून ठेवणाऱ्याला दणका बसतो. "हे सगळं त्या ठिपक्यांत आहे हो," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा अडकला. करोनाच्या दिवसांत घरात ते दोघं आणि सूनबाई एवढेच होते आणि रोज संध्याकाळी हा डाव मांडला जायचा. त्याबद्दल ते तेवढंच बोलले.

भाषणं अशी कुणी केली नाहीत. ज्याला बोलावंसं वाटलं तो काम बघता बघता बोलला. शाळेतल्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या वर्गातल्या दोन मुलींची अबोला धरलेली मैत्री मेंढीच्या बदल्यात लाकूड मागताना पुन्हा सुरू झाली. ऐरोलीच्या एका मुलानं सांगितलेलं मला सर्वांत लक्षात राहिलं. १९८८ सालीच न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळ्यात काही जर्मन खेळकर्ते एकत्र जमले आणि बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्यावर त्यांनी लिहून सह्या केल्या, की डब्यावर आमचं नाव छापलं जाणार नसेल तर आम्ही खेळ देणार नाही. त्याआधी खेळ कुणी केला हे डब्यावर बहुधा नसायचंच. "म्हणून आज आपल्याला नाव माहीत आहे, काका," तो म्हणाला. "नाहीतर कुणासाठी जमलो असतो आपण?"

आमची पोरं हातातलं काम थांबवून ऐकत होती. मेणकाम करणाऱ्यानं मला विचारलं, "त्यांच्या लॅबमधल्या कवळ्यांवर नाव असायचं का, सर?" मी म्हटलं, कवळीवर कुणाचंच नसतं रे.

या गटाच्या सेटमधले नारिंगी रस्ते मागे लोकलमध्ये हरवले होते, तेव्हा आमच्या सिरॅमिकवाल्या मुलीनं कवळीच्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकचे रस्ते करून दिले होते. त्या संध्याकाळी डॉक्टर मॅडमनाच सुचलं. म्हणाल्या, "आज प्रत्येकाला एकेक गाव करून द्याल का? गुलाबीच." लाकडी गाव नखाएवढं, उतरत्या छपराचं. पुटीचे, म्हणजे ठसा घ्यायच्या मऊ लगद्याचे, दोन गोळे मळून एक केले. हातमोजे काढायला लावले, कारण रबरी मोज्यांनी पुटी घट्ट होत नाही. गाव त्यात दाबलं. चार-पाच मिनिटांत ठसा तयार. अ‍ॅक्रिलिकची पावडर आणि लिक्विड, म्हणजे मोनोमर, मिसळून ठशात भरलं आणि बुडबुडे राहू नयेत म्हणून कोमट पाण्यात, प्रेशर पॉटमध्ये ठेवलं. मोनोमरचा वास खोलीभर झाला. पहिली खेप बाहेर आली तेव्हा इंजिनिअरिंगच्या पोरांनी अक्षरशः श्वास रोखला होता. एकेका ठशातून एकेक गाव, मग कडा घासायच्या, प्युमिसवर फिरवायचं, बफला चमक आणायची. प्रत्येकानं आपापलं गाव स्वतः बफला धरलं. शाळेतल्या बाईंचं दोनदा उडून प्लास्टरच्या पिंपात पडलं आणि दोन्ही वेळा त्यांनी ते शोधून काढलं.

मधेच नऊ वाजत आले. कवळीचे ठिपके आता दोन्ही बाजूंना सारखे फिकट उमटत होते. पॉलिश करून, पाण्यात घालून, पिशवी बंद करून ती डिलिव्हरीवाल्याकडे दिली. मग टेबल पुसलं आणि डाव मांडला. तीन-चार जणांचा खेळ, पण सगळेच खेळले, जोड्या करून. वाळवंट मधोमध आलं. आमचा प्लास्टरवाला पुन्हा विटांवर बसला होता आणि त्या दिवशी कुणी त्याच्याशी फार घासाघीस केली नाही. जिंकली काकांची नात. सर्वांत लांब रस्ता तिचा, आणि त्यातले बरेच तुकडे आमचे गुलाबी. शेवटची गाडी गाठायची होती ते उठले. काका मात्र निघताना माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या व्यवसायातला मोठा माणूस गेला हो." घरचं कुणी गेल्यावर बोलतात तसं. आमच्या व्यवसायातला माणूस मोठा असतो असं मला याआधी कुणी म्हटलेलं नव्हतं. मी फक्त मान हलवू शकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळव्याहून फोन आला, आजोबांची कवळी बसली, भाकरी खाल्ली.

त्याच आठवड्यात मी आमच्या स्लिपा नव्या छापून घेतल्या. पूर्वी त्यावर लॅबचं नाव, डॉक्टरांचं नाव, शेड आणि तारीख एवढंच असायचं. आता खाली आणखी दोन ओळी आहेत: मेणकाम कुणाचं, सिरॅमिक किंवा अ‍ॅक्रिलिक कुणाचं. आमची पोरं तिथं स्वतःच्या हातानं नाव लिहितात. दोन क्लिनिकमधून विचारणा झाली की हे कशाला, पेशंटला काय करायचंय. मी त्यांना काय ते समजावून सांगितलं आणि ओळी तशाच ठेवल्या. घोडबंदरच्या मॅडम कॅप बसवून झाली की पेशंटला स्लिप वाचून दाखवतात. मध्यंतरी त्यांच्या एका पेशंटनं सिरॅमिकवाल्या मुलीचं नाव विचारून घेतलं आणि स्वतः लॅबमध्ये येऊन तिला पेढ्यांचा पुडा दिला.