मोत्याला पाणी चढतं ते थंडीत

जपानमधलं इसेचं देऊळ झालं, तोबा झालं. दोन्हीकडे गर्दी, दोन्हीकडे ऊन. त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. किन्तेत्सूची गाडी पकडून काशिकोजिमाला उतरलो, तिथे रूळच संपतात. समोर आगोचा उपसागर, त्यात छोटी छोटी हिरवी बेटं आणि मोत्यांच्या शेतीचे तराफे. २०१६ साली जी-७ची परिषद इथेच भरली होती. एवढ्या निवांत जागी येऊन ते लोक कशावर भांडले असतील देव जाणे.

आधी पर्यटकांसाठीच्या एका दालनात गेलो. एका बाईंनी शिंपला चिरला, मोती काढला, टाळ्या पडल्या आणि पाचव्या मिनिटाला आम्हाला विक्रीच्या कपाटांकडे वळवण्यात आलं. मोती कसा धरतो हे विचारायलाही उसंत नाही. माझी चिडचिड बघून मुक्कामाच्या घरच्या मालकीणबाईंनी त्यांच्या ओळखीच्या एका आजोबांकडे पाठवलं. आयुष्यभर आकोया, म्हणजे मोती देणारे इथले शिंपले पाळणारा माणूस. आमची भाषा म्हणजे मोबाइलवरचं भाषांतर, आणि ते अर्ध्या वेळी हसू आणणारं.

आजोबांनी मोती दाखवलाच नाही. त्यांनी दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात सोडला, वर काढला, वहीत आकडा लिहिला. मग आणखी खोल सोडला, पुन्हा लिहिला. सप्टेंबर संपत आला होता, तरी वरचं पाणी कोमटच. ते आणि त्यांचा मुलगा शिंपल्यांच्या जाळ्या लांब दोरीवर खाली सोडत होते, खालच्या थोड्या गार पाण्यात.

शिंपल्याला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढं तापेल तेवढा तो तापतो. वीस अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानात तो भरपूर पाणी गाळतो, खातो, वाढतो. पारा अठ्ठावीसच्या वर गेला की गणित उलटतं. शरीराचा खर्च वाढतो, कोमट पाण्यात प्राणवायू कमी, खाल्लेलं पुरत नाही. उलट तेराच्या खाली गेलं की मोत्याचा थर चढणंच थांबतं, म्हणून हिवाळ्यात काही जण आपले शिंपले उबदार किनाऱ्यांकडे हलवतात.

मला वाटत होतं, मग भराभर वाढेल असं पाणी असलं की झालं! मी तसं विचारलं. आजोबांनी जोरजोरात मान हलवली. उन्हाळ्यात थर जाड चढतात, पण मोती मंद दिसतो. शरद ऋतूत पाणी हळूहळू गार होऊ लागलं की वाढ मंदावते, अरॅगोनाइटचे, म्हणजे मोती ज्या चुनखडीसारख्या खनिजाचा बनतो त्याचे, पापुद्रे पातळ आणि नीट रचलेले बसतात. एकेक पापुद्रा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. मोत्याला जे पाणी चढतं ते या शेवटच्या थरांमुळे, म्हणून काढणी डिसेंबर-जानेवारीत. हे सगळं मोबाइलने 'मोत्याला थंडी आवडते' एवढ्यात उरकलं, आणि मला ते फारसं चुकीचंही वाटलं नाही.

मग मी २०१९चा विषय काढला. त्या उन्हाळ्यात इथे आणि पश्चिमेकडच्या एहिमे प्रांताच्या किनाऱ्यावर शिंपल्यांची पिल्लं मोठ्या संख्येने मेली. पुढे त्यामागे एक विषाणू सापडला. आजोबा तेवढ्यावर थांबायला तयार नव्हते. २०१७पासून कुरोशिओ या जपानजवळून वाहणाऱ्या उबदार सागरी प्रवाहाने मोठं वळण घेतलं आणि या किनाऱ्याचं पाणी तापलं, हे त्यांनी वहीची पानं उलटून दाखवलं. पाणी तापलं की जाळ्यांवर बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचाचे छोटे जीव) आणि शेवाळंही जोमाने चढतं. ते खरवडायचं काम मुलाकडे. मी दहा मिनिटं हात लावून पाहिला आणि सोडून दिला; वास आणि कडा, दोन्ही भयंकर.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी स्टेशनजवळच्या दुकानात एका हाराकडे बोट दाखवून विचारलं, हे मोती कुठल्या महिन्यात काढलेले? विक्रेत्या मुलीने नम्रपणे वाकून माझ्यासमोर मण्यांच्या आकाराचा तक्ता ठेवला. मी पुन्हा विचारलं. तिने किमतीचा ठेवला. मी काही न घेता गाडीत बसलो, आणि बायकोने नागोयापर्यंत त्यावरून माझं डोकं खाल्लं.