तीन ट्रेमध्ये वाटला गेलेला गठ्ठा

4 जुलै 2024. ब्रिटनभर मजूर पक्षाची सरशी होणार हे रात्री दहालाच स्पष्ट झालं. मतदान संपताक्षणी आलेल्या एक्झिट पोलने त्यांना 410 जागा दिल्या होत्या. त्याच रात्री लेस्टर ईस्टमध्ये आम्हा मोजणी साहाय्यकांच्या हातांखाली नेमकं उलटं घडत होतं. हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून खेचून घेतलेली देशातली ही एकमेव जागा.

इथे यंत्र नाही. कागदी मतपत्रिका आणि पेन्सिलीची फुली. सीलबंद पेट्या आल्या की आधी पडताळणी होते, मतं मोजण्याचं काम नंतर. पेटी टेबलावर उपडी करायची, रिकामी पेटी प्रतिनिधींना दाखवायची आणि कोणाला मत आहे ते न बघता नुसते कागद मोजायचे. हा आकडा मतदान केंद्राने लिहून दिलेल्या हिशेबाशी जुळला पाहिजे. फरक निघाला तर बहुतेक वेळा कारण साधं असतं: दोन मतपत्रिका एकीत एक घडी होऊन अडकलेल्या असतात, किंवा खराब झाली म्हणून बदलून दिलेली मतपत्रिका हिशेबात चुकीच्या रकान्यात गेलेली असते. म्हणून प्रत्येक घडी पूर्ण उलगडायची, बोटाने चोळून बघायची आणि मग दुसऱ्याने पुन्हा मोजायचं.

कागद छापील बाजू वर ठेवूनच हाताळायचे असतात, कारण मागच्या बाजूला क्रमांक असतो आणि तो कोणाला दिसता कामा नये. पक्षांचे लोक याच वेळेची वाट बघत असतात. टेबलापलीकडे उभं राहून, कागदाला हात न लावता, ते दिसेल तेवढ्या फुल्या टिपतात: चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, केंद्राच्या क्रमांकासमोर. प्रत्येक पेटीतून पुरेसे कागद टिपले की कोणत्या वस्तीत काय झालं हे अनुभवी माणसाला निकालाच्या कितीतरी आधी कळतं. पण इथे फक्त दोन रकाने घेऊन उभं राहणं पुरणारं नव्हतं. मजूर पक्षाचे अधिकृत उमेदवार राजेश अगरवाल होतेच. शिवाय याच जागेवर 1987 ते 2019 मजूर पक्षाचे खासदार असलेले कीथ वाझ वेगळ्या पक्षातर्फे उभे होते, आणि 2019 ला मजूर पक्षाच्या तिकिटावर निवडून येऊन पुढे पक्षातून काढल्या गेलेल्या क्लॉडिया वेब अपक्ष. एकाच घरातली मतं मागणारे तिघे.

पडताळणी झाली की टपाली मतं इतर पेट्यांतल्या मतांत मिसळतात आणि वाटणी सुरू होते. प्रत्येक उमेदवाराचा वेगळा ट्रे. ठरावीक संख्येच्या जुड्या बांधायच्या, जुडी शेजारच्याकडे सरकवायची. तो प्रत्येक कागद पुन्हा बघतो, कारण लांबलचक मतपत्रिकेवर वरखालच्या ओळीतली फुली चुकीच्या ट्रेमध्ये जाणं ही सर्वांत नेहमीची चूक. शंकास्पद कागद बाजूला. फुलीऐवजी बरोबरची खूण असली तरी मतदाराचा कल स्पष्ट असेल तर मत धरतात. दोघांसमोर खूण, कोरा कागद किंवा मतदार ओळखता येईल असं काही लिहिलेलं असेल तर बाद. हा निर्णय निवडणूक अधिकारी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर घेतात.

पहाटे आकडे आले. हुजूर पक्षाच्या शिवानी राजा 14,526, अगरवाल 10,100, लिबरल डेमोक्रॅट झफर हक 6,329, वेब 5,532, वाझ 3,681. आघाडी 4,426.

हुजूर पक्षाची इथे लाट आली, असं म्हणणं मला पटत नाही. 2019 मध्ये हरताना त्यांना 19,071 मतं होती. मतदारसंघाच्या सीमा मधल्या काळात हलल्या हे धरलं तरी जिंकताना ती साडेचार हजारांनी कमी होती. अगरवाल, वेब आणि वाझ यांच्या जुड्या एकावर एक रचल्या तर 19,313 होतात. ही सगळी मतं एकाच उमेदवाराला पडली असती असं नाही, वाझना वर्षानुवर्षं मत देणारे कित्येक जण पक्षाला नव्हे, माणसाला देत होते. तरीही खरी पडझड इथली जुनी आहे: 2017 मध्ये मजूर पक्षाची आघाडी 22,428 होती, 2019 मध्ये 6,019 वर आली. 2024 च्या रात्री फक्त शेवटचा धक्का बसला.

हाच हिशेब बाकी देशात हुजूर पक्षाच्या अंगावर आला. साउथ वेस्ट नॉरफोकमध्ये माजी पंतप्रधान लिझ ट्रस 630 मतांनी पडल्या. तिथे हुजूर पक्षाचीच मतं खेचणाऱ्या रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाच्या ट्रेमध्ये 9,958 मतं होती. मजूर पक्षाला देशभरात 33.7 टक्के मतं मिळाली, 2019 पेक्षा जेमतेम दीड टक्का जास्त, आणि जागा 202 वरून 411 झाल्या.