एकच प्रवेशिका

नियमावलीत दोनच ओळी ठळक छापल्या होत्या. विषय : कृष्णधवल निसर्गचित्र. आणि तिच्याखाली : एका स्पर्धकाची एकच प्रवेशिका स्वीकारली जाईल. पहिली ओळ वाचून मी खूश झालो आणि दुसरीने माझे तीन आठवडे खाल्ले. दहा फोटो पाठवायची मुभा असती तर काम दहा मिनिटांत उरकलं असतं. दहांमध्ये एखादी चूक खपून जाते. एकच पाठवायचा म्हटलं, की हात त्या चुकीवरच पडणार अशी धाकधूक सुरू होते.

हार्ड डिस्क उघडली. त्यात डोंगर, झाडं, खडक, पाणी आणि आभाळ यांचा इतका साठा निघाला, की एवढं सगळं मी पाहिलं कधी हाच प्रश्न पडला. डिजिटल कॅमेऱ्याने दिलेली ही मोठी खोड. पूर्वी छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये माणूस आधी विचार करायचा आणि मग बटण दाबायचा. आता विचार करायचं काम अशा एखाद्या स्पर्धेपर्यंत पुढे ढकलता येतं.

पहिल्या चाळणीतच एक धडा मिळाला. माझा सगळ्यात लाडका फोटो होता हिरव्यागार उतारावर तांबड्या फुलांनी डवरलेल्या एकट्या झाडाचा. जो पाहील तो 'वा' म्हणायचा. मी आत्मविश्वासाने रंग काढून टाकणारं बटण दाबलं, आणि झाड गेलं. म्हणजे होतं तिथेच, पण दिसेना. उतार करडा, झाडही तेवढंच करडं. मान वाकडी करून पाहिलं तेव्हा कुठे खोडाची एक रेघ सापडली.

हे का होतं ते मला कागदावर ठाऊक होतं. आपल्या डोळ्याला हिरवा रंग सगळ्यात उजळ वाटतो, निळा सगळ्यात मंद. रंगीत चित्राची करडी छटा काढण्याचं जे जुनं टीव्हीच्या जमान्यातलं गणित आहे, त्यात हिरव्याचा वाटा सुमारे 59 टक्के, लालचा 30 आणि निळ्याचा 11 धरतात. भडक लाल आणि गडद हिरवा या हिशोबात सहज एका आकड्यावर येऊन बसतात. रंगांत एकमेकांचे हाडवैरी, उजेडात जुळे भाऊ. पण गणित ठाऊक असणं वेगळं आणि आपलं लाडकं झाड डोळ्यांदेखत विरघळताना पाहणं वेगळं.

मुलगी मागे उभी होती. म्हणाली, "बाबा, मग फक्त फुलं लाल ठेव ना. बाकी सगळं ब्लॅक अँड व्हाइट." सूचना मोहात पाडणारी होती. पण स्पर्धांच्या जगात मोनोक्रोमची व्याख्या कडक असते. फियाप या आंतरराष्ट्रीय छायाचित्र महासंघाच्या व्याख्येनुसार सगळं चित्र एकाच रंगात, समजा सेपियात म्हणजे जुन्या फोटोंसारख्या तपकिरीत, बुडवलं तरी ते मोनोक्रोमच राहतं. त्यात एखाद्याच भागाला रंग दिला, की ते रंगीत विभागात जातं. लाल फुलांच्या पायी माझी प्रवेशिकाच बाद झाली असती.

दुसरा मार्ग होता सॉफ्टवेअरमधली, लाल रंग किती उजळ दिसावा हे ठरवणारी पट्टी वर सरकवण्याचा. सरकवली. झाड पांढरंशुभ्र होऊन उतारावर पेटलं. उलट सरकवली तर काळं ठिक्कर पडलं. उन्हाळ्यातलं झाड, बर्फातलं झाड, जळालेलं झाड. एकाच फाइलमधून तिन्ही निघत होती. यातलं खरं कुठलं? मी रात्री साडेबारापर्यंत ती पट्टी डावीउजवीकडे ओढत बसलो होतो. एखाद्या निर्णयाची इतकी सोय असणं हा एक प्रकारचा छळच आहे.

अमेरिकन निसर्ग-छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सकडे ही सोय नव्हती. 1927 च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या हाफ डोम या अजस्र कड्यासमोर तो उभा होता तेव्हा त्याच्याजवळच्या काचेच्या प्लेटा संपत आल्या होत्या. पिवळा फिल्टर लावून त्याने एक फोटो घेतला, आणि घेताक्षणी त्याच्या लक्षात आलं, की कडा पाहून मनात जे दाटलंय ते यात उतरणार नाही. आभाळ फिकट येणार. मग शेवटच्या प्लेटसाठी त्याने गडद लाल फिल्टर चढवला. लाल काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे आभाळ जवळजवळ काळं आलं आणि त्यावर कडा एखाद्या धमकीसारखा उभा राहिला. त्या दिवशी आभाळ काळं नव्हतंच. तरी तो फोटो कोणाला खोटा वाटत नाही. मला मात्र पट्टी थोडी जास्त सरकवली, की चोरी केल्यासारखं वाटतं. शेवटची प्लेट हातात असती तर कदाचित वाटलं नसतं.

याच अॅडम्सने पुढे फ्रेड आर्चर या छायाचित्रकारासोबत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची अकरा पायऱ्यांची शिडी केली, झोन सिस्टिम नावाची. शून्यावर ठार काळोख, दहाव्या पायरीवर कोरा कागद, पाचवीवर मधला करडा. ही शिडी घेऊन मी माझे फोटो तपासायला बसलो तर बहुतेकांची धाव चौथीपासून सहावीपर्यंतच. ना खाली उतरायची हिंमत, ना वर चढायची. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत कुठली छटा किती आहे हे दाखवणारा आलेख, पाहावा तर मधोमध एक टेंगूळ आणि दोन्ही बाजूंना सपाट मैदान. मी कॉन्ट्रास्ट वाढवला. त्याने टेंगूळ पसरलं, पण चित्राचा चेहरा ओरडणाऱ्या माणसासारखा झाला. आवाज वाढला, बोलणं तेच.

मग आभाळांचा प्रश्न. खडक आणि समुद्राचा एक फोटो होता, सगळं जागच्या जागी, फक्त वरचा अर्धा भाग कोरा पांढरा. त्या दिवशी ढगांनी सुट्टी घेतलेली. शेजारच्याच फोल्डरमध्ये एक फार देखणं ढगाळ आभाळ पडून होतं आणि त्याखाली काही म्हणजे काही नव्हतं. दोघांचं लग्न लावून द्यावं असं कोणालाही वाटेल. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1850 च्या दशकात हेच केलं होतं. तेव्हाच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार हळव्या, त्यामुळे समुद्र नीट येईपर्यंत आभाळ जळून पांढरं व्हायचं. मग तो समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी, अशा दोन जोडून एक प्रिंट काढायचा. लोक थक्क व्हायचे. त्याची ती चित्रं आज संग्रहालयांत आहेत. आणि 2012 मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या निसर्गचित्र स्पर्धेत पहिलं आलेलं चित्र नंतर बाद ठरलं. तेही कृष्णधवलच होतं, आणि त्यात ढग बाहेरून आणून बसवले होते. मधल्या दीडशे वर्षांत काय बदललं? ल ग्रेचा नाइलाज होता, आपला नाही, एवढंच बहुधा. मी माझं पांढरं आभाळ पांढरंच ठेवलं आणि फोटो बाजूला सारला.

अशा चाळण्या लावत लावत बारा फोटो उरले. रेशमासारखं वाहणारं पाणी होतं त्यातले तीन लगेच काढले. शटर अर्धा मिनिट उघडं ठेवून पाण्याचं दूध करायची हौस प्रत्येकाची फिटायची असते, माझी फिटली आहे. परीक्षकाने असे किती पाहिले असतील या कल्पनेनेच मला त्याची दया आली.

उरलेल्या नवांवर घरात मतदान घेतलं. चूक केली. मुलीने एक निवडला, छायाचित्रण गंभीरपणे करणाऱ्या एका मित्राने दुसरा, आणि बायकोने एकही नाही. ती माझ्या शेजारी बसून फोटो पाहत होती आणि मी प्रत्येक फोटोसोबत बोलत होतो. हा बघ, इथे पोचायला चार तास चढलो. या वेळी वारा असा होता की ट्रायपॉड उडून जाईल. हे घेतलं आणि पाच मिनिटांत पाऊस आला. ती शांतपणे ऐकत होती. नववा फोटो झाल्यावर म्हणाली, "अरे, तू फोटो निवडतच नाहीयेस. सहल निवडतोयस."

मला राग आला, कारण ते खरं होतं. माझ्या आवडत्या फोटोंची यादी आणि माझ्या दमछाकीची यादी एकच होती. चार तासांच्या चढणीचा फोटो मला चांगला वाटत होता तो गुडघ्यांमुळे, आणि परीक्षकाला माझे गुडघे दिसणार नव्हते. त्याला वारा लागणार नव्हता, पहाटेची थंडी वाजणार नव्हती, खाली उतरल्यावरचं हायसं त्याला वाटणार नव्हतं. त्याच्यापुढे येणार फक्त एक चौकोन आणि त्यातले काळेपांढरे डाग. रंग काढून टाकणं मला जमलं होतं, पण त्या चौकोनातून स्वतःला काढता येईना. रंगासाठी निदान बटण असतं.

"प्रिंट काढून भिंतीवर लाव आणि आठवडाभर बघू नकोस," मित्राने सांगितलं. भिंतीवर लावायचं आणि बघायचं नाही, हे कसं काय? तर म्हणाला, मुद्दाम बघायचं नाही. येता-जाता दिसेल तेवढाच. मग एका मोठ्या कागदावर चार फोटो छापायचे ठरवलं. तीन पक्के होते. चौथी जागा रिकामी राहायला लागली आणि कागद वाया जाऊ नये म्हणून मी हाताला लागलेला एक धुक्याचा फोटो तिथे टाकला. यादीतही नव्हता तो.

पहिले दोन दिवस मी तीन फोटोच पाहत होतो. तिसऱ्या दिवशी बूट घालताना नजर चौथ्यावर गेली. त्यात जवळजवळ काहीच नाही. खाली कुंपणाचे पाच खांब, डावीकडून येतात आणि एकेक करत पुसट होत जातात. पाचवा आहे की नाही याबद्दल वाद होऊ शकतो. त्यापलीकडे एका झाडाची शंका. बाकी सगळा कागद. शिडीच्या भाषेत सांगायचं तर पहिला खांब दुसऱ्या पायरीवर, आणि तिथून चित्र पायरी-पायरीने वर चढत नवव्यापर्यंत जातं. ओरडत नाही. उलटं धरून पाहिलं, आरशात पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहिलं. खांब प्रत्येक वेळी धुक्यात जात होते आणि त्यांच्या मागे मी.

विचित्र म्हणजे या फोटोची मला काहीच आठवण नव्हती. कुठला ते अंधुक ठाऊक होतं, पण चढण, वारा, पाऊस, सोबत कोण होतं, काही नाही. नववा फोटो संपेपर्यंत बडबडणारा मी या एकापुढे गप्प होतो. बायकोला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पाचवा खांब आहे."

ठरलं. अर्ज भरायला बसलो. नाव, पत्ता, कॅमेरा. मग 'छायाचित्र घेतल्याची तारीख', आणि कंसात, गेल्या दोन वर्षांतलीच हवी. फाइलची माहिती उघडली. तारीख : 1 जानेवारी 2010, वेळ मध्यरात्रीनंतरची सहा मिनिटं. माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या घड्याळाचा आतला सेल मेलेला आहे. बॅटरी बदलली, की तो त्याच्या जन्माच्या तारखेवर जाऊन बसतो आणि मी घड्याळ लावायला विसरतो. म्हणजे पुराव्यानिशी माझा फोटो बाद. शिवाय मध्यरात्री सहा मिनिटांनी एवढा उजेड.

पुन्हा अॅडम्सच आठवला. 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' हा त्याचा बहुधा सर्वांत प्रसिद्ध फोटो. मावळतीचं ऊन कबरस्तानातल्या पांढऱ्या क्रुसांवरून निसटत होतं, उजेड मोजायचा एक्स्पोजर मीटर सापडेना, म्हणून त्याने चंद्राच्या ठाऊक असलेल्या तेजावरून हिशोब केला आणि एक निगेटिव्ह मिळवली. दुसरी घेईपर्यंत ऊन गेलं. या सगळ्याचा तपशील त्याला पाठ, पण साल मात्र तो कधी एक सांगायचा, कधी दुसरं. शेवटी खगोलशास्त्राच्या जाणकारांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडून काढलं : 1 नोव्हेंबर 1941, दुपारचे चार वाजून एकोणपन्नास मिनिटं. पुढची कित्येक वर्षं तो त्या एकाच निगेटिव्हच्या प्रिंटा काढत राहिला आणि आभाळ अधिकाधिक काळं करत गेला. म्हणजे एक फोटो पक्का ठरवणं त्यालाही जमलं नव्हतं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पण त्याच्या फोटोत चंद्र तरी होता. माझ्या फोटोत धुकं. कुठला खगोलशास्त्रज्ञ पाच खांबांवरून तारीख काढून देणार, तेही पाचवा वादग्रस्त असताना?

"कुठे गेला होतास तेव्हा?" बायकोने विचारलं. मी जागेचं नाव सांगितलं. तिने फोन काढला, त्या नावाने आमच्या दोघांचे जुने मेसेज शोधले आणि अर्ध्या मिनिटात फोन माझ्यापुढे धरला. गेल्या वर्षीची तारीख, सकाळचे सहा चाळीस. माझाच मेसेज. पोचलो, असं लिहून जागेचं नाव, आणि पुढे एक ओळ.

मी तारीख अर्जात भरली. पुढचा रकाना शीर्षकाचा होता. त्यासाठी मी आठवडाभर 'एकांत', 'निःशब्द', 'अनंताकडे' असली शीर्षकं वहीत लिहून खोडत होतो. फोन अजून समोरच होता. मेसेजमधली ती ओळ मी जशीच्या तशी उतरवली : 'धुकं आहे, काही दिसत नाहीये.'