झोपेची गोळी चालू असेल तर डोळे तपासताना सांगा

मी रोज डोळ्यांचे नंबर काढते आणि एक गोष्ट सारखी दिसते, साठीच्या पुढच्या काकू येतात, म्हणतात ताई चष्मा आत्ताच नवीन केला पण वाचताना अक्षरं पुसट होतात, कधीकधी एकाचे दोन दिसतात. नंबर बघावा तर तोच, मोतीबिंदूही फारसा नाही. गोळ्या कुठल्या चालू आहेत विचारलं की बीपीची आणि शुगरची, एवढंच! झोपेची गोळी कुणी औषधात धरतच नाही. खोदून विचारलं की मग पर्समधून अल्प्राझोलाम नाहीतर क्लोनाझेपामची पट्टी निघते, कधीतरी कुणीतरी लिहून दिलेली आणि अजून चालूच.

अशा वेळी मी पेनाचं टोक हळूहळू नाकाकडे आणते, बऱ्याचदा अर्ध्या वाटेतच एक डोळा बाहेर सरकतो आणि काकू म्हणतात, झाले बघा दोन. एक डोळा झाकला की परत एकच. म्हणजे डोळ्याचा आतला पडदा ठीक असू शकतो, पण दोन्ही डोळे जुळवून ठेवणारं मेंदूचं काम सुस्तावलेलं असतं. ह्या गोळ्या मेंदूला शांत करणाऱ्या गाबा ह्या रसायनाचा परिणाम वाढवतात, त्यानेच झोप येते. गाबा पडद्याच्या पेशींमध्येही असतं, पण ह्या गोळ्यांनी पडदाच खराब होणं नेहमीचं नाही.

पडद्याला खरोखर इजा करणारी औषधं वेगळी. थायोरिडाझिन हे मानसिक आजाराचं जुनं औषध दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पडद्यावर काळे डाग धरायचे, रात्रीचं दिसणं कमी व्हायचं. आणि विगाबॅट्रिन, हे झोपेचं नाही, फिट्सचं, पण तेही शरीरातलं गाबा वाढवतं. त्याने नजर कडेने आकसत जाते आणि गेलेली परत येत नाही, हे १९९७ मध्ये पहिल्यांदा लक्षात आलं. तरी तान्ह्या बाळांच्या एका प्रकारच्या झटक्यांत ते द्यावंच लागतं, कारण झटके चालू राहिले तर मेंदूचं नुकसान होतं. अशा बाळांची डोळ्यांची तपासणी आईबाबांनी अजिबात चुकवू नये, बाळ काय सांगणार कडेचं दिसत नाही म्हणून.

आणि हे वाचून गोळी एकदम बंद करू नका प्लीज!! बरीच वर्षं घेतलेली गोळी अचानक सोडली तर फिट येऊ शकते, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते. पण डोळा लाल होऊन खूप दुखायला लागला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, तो काचबिंदूचा झटका असू शकतो, आणि जाताना ती पट्टी सोबत न्या.