एक छत्री, तीन टीव्ही

आमच्यात मंगळवार पेठेत घर जुनं, दोन मजली, आणि टीव्ही तीन. हॉलमध्ये पप्पांच्या बातम्या, वर भावाचं क्रिकेट, स्वयंपाकघरात आईच्या मालिका. मे महिन्यात केबल काढून डिश बसवायचं ठरवलं. आईपुरती फ्री डिश घेऊया असंही डोक्यात आलेलं, महिन्याचे पैसे लागत नाहीत, पण तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, आमच्या कंपनीचा दुसरीकडं, म्हणजे गच्चीवर दुसरी छत्री. शिवाय तिच्या मालिका त्यावर नव्हत्या, मग विषयच संपला.

पहिला फिटर आला, छत्री ठोकली, एकाच वायरीला साधा स्प्लिटर लावून तीन वायरी काढल्या, पैसे घेतले आणि गेला. संध्याकाळी खरी मजा. खाली पप्पांनी चॅनल बदललं की वरचा टीव्ही काळा आणि भाऊ जिन्यातनं ओरडतोय, "कोण हात लावलाय रं!" दोन दिवस आम्ही बॉक्सलाच शिव्या घातल्या.

मग ओळखीतलं एक पोरगं आलं, त्यानं बघितल्या बघितल्या सांगितलं. बॉक्स वायरीतनंच वर एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या लहरी पकडणाऱ्या डबीला, वीज पाठवतो, १३ व्होल्ट म्हणजे उभ्या लहरीचे चॅनल, १८ म्हणजे आडव्या. एलएनबी एकच, एक बॉक्स १३ मागतोय, दुसरा १८, मग १८ वाल्याचं चालतंय आणि दुसरा बसतोय बोंबलत. म्हणून प्रत्येक बॉक्सला एलएनबीपासनं स्वतःची वायर पाहिजे. क्वाड एलएनबी लावला, चार तोंडांचा. वायर आरजी-६, डिशला लावतात ती गोल जाड, आणि जुन्या दगडी भिंतीला भोक पाडायला अख्खी दुपार गेली ते वेगळंच.

मला भीती शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीची, कारण छत्रीचं तोंड आग्नेयेला बरोबर तिच्याकडंच. पोरगं हसलं. उपग्रह विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर वर, आपल्याला तो साठेक अंशावर दिसतो, छत्री फक्त खाली बघतीय असं वाटतं कारण एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. टाकी राहिली खालीच.

आणि त्यानं मेनूत स्ट्रेंथ, म्हणजे सिग्नलचा नुसता जोर, सोडून क्वालिटीचा, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ येतोय त्याचा आकडा बघत छत्री केसभर केसभर हलवली, मी खालनं आकडा ओरडून सांगत होतो. उन्हात चित्र चांगलं दिसतं म्हणून सोडलं तर जूनमध्ये रडायची पाळी येते, कारण ह्या लहरी पाऊस खातो. कनेक्टरजवळ वायरीला खाली झोळ द्यायला लावला, पाणी तिथनंच गळून जातं, आत शिरत नाही.

जुलैत धो धो लागला तेव्हा पाच-दहा मिनिटं गेलंच, पण आलं परत. चौथ्या तोंडाला टोपण लावून टेप गुंडाळलाय, आणि काकी आत्तापासनं विचारतीय की ते रिकामंच हाय न्हवं.