आप्पांची लेक असून

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मागे भाचीच्या साखरपुड्यात विचारलंत, त्याआधी दवाखान्यात नंबर लावून बसले होते तेव्हा विचारलंत. "आप्पांची लेक असून तू आपल्या माणसाला पाडलंस?" काही जणी जरा मऊ करून विचारतात, "मत दिलं नाहीस म्हणे?" इतकी वर्षं मी "जाऊंदे की आता" म्हणून विषय मोडत आले. आप्पा राहिले नाहीत, त्यामुळे गप्प बसायचं माझं कारणही उरलेलं नाही.

संघटनेचं नाव लिहीत नाही. उमेदवाराचं नाही, गावाचंही नाही. विचारणाऱ्यांना ते ठाऊकच आहे. सीमाप्रश्न काय तेही सांगत बसत नाही. 17 जानेवारीला आणि 1 जूनला ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी हुतात्म्यांना अभिवादन करायला जातं, त्यांना मी काय सांगणार?

मी निष्ठा न मानणारी बाई नाही, हे आधी ऐकून घ्या. 1996 च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार उभे राहिले होते. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून आपल्या लोकांनी अर्जांचा पाऊस पाडला. त्या 456 जणांत माझे आप्पा होते. अनामत तेव्हा 500 रुपये होती. (त्याच वर्षी कायदा बदलून ती 10,000 केली, त्यामुळे आता कुणी तसं करायला धजणार नाही.) ते 500 रुपये आईने कोंबड्या विकून दिले. अनामत जप्त होणार हे आप्पांना अर्ज भरतानाच माहीत होतं, तरी घरी आले ते लग्नाहून आल्यासारखे. अशा घरात मी वाढले. कळायला लागल्यापासून मतदानाच्या दिवशी उमेदवाराचा चेहरा आम्ही बघितलाच नाही. आपलं चिन्ह यंदा कुठलं, एवढंच विचारायचं आणि शिक्का मारून यायचं.

आता 2016. जानेवारीत तालुका पंचायतीसाठी उमेदवार ठरवायला देवळाच्या सभामंडपात बैठक बोलावली. माझं सासर-माहेर एकाच गावातलं, मध्ये दोन गल्ल्या, म्हणून आप्पा पुढे पंचांच्या सतरंजीवर आणि मी मागे खांबाला टेकून, असं आम्ही एकाच बैठकीत होतो. नाव एकच पुढे आलं. माणूस बोलका, धावपळ करणारा, मोर्चात सगळ्यांत पुढे. गावातल्या पतसंस्थेचा कारभारही तोच बघायचा.

आमच्या बचत गटात चौदा बायका. महिन्याला प्रत्येकीचे 100, म्हणजे 1,400 रुपये मी त्याच्या घरी नेऊन द्यायची आणि वहीत त्याची सही घ्यायची. सोळा महिन्यांच्या सोळा सह्या माझ्या वहीत होत्या. डिसेंबरात एकीला मुलाच्या ऑपरेशनसाठी कर्ज हवं होतं म्हणून मी संस्थेत जाऊन खातं बघितलं, तर तिथे नऊच हप्ते जमा. सात हप्ते, 9,800 रुपये, कुठेच नाहीत. त्याला विचारलं तर म्हणाला, "वैनी, निवडणूक होऊंदे, मग बसून हिशेब करू."

बैठकीला मी वही पदराखाली घेऊन गेले होते. अध्यक्षांनी "कुणाचं काही म्हणणं?" असं विचारलं तेव्हा उठले. बायका बैठकीत बोलत नाहीत असं नाही, पण हळदीकुंकवाची तारीख आणि स्वयंपाकाची व्यवस्था यापलीकडे सहसा जात नाहीत. मी म्हणाले, "हिशेबाचा एक प्रश्न आहे, तो सुटल्यावर नाव जाहीर करूया." वही वर धरली. पहिलं पान उघडलं, सहीवर बोट ठेवलं. दोन पंच माना खाली घालून सतरंजीची दशी ओढत बसले. त्यांना माहीत होतं. तेवढ्या एका क्षणात मला कळलं की माझ्याआधी आणखी कुणीतरी असंच विचारून गेलेलं आहे.

एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "पोरी, आपलेच दात आणि आपलेच ओठ. आज प्रश्न भाषेचा आहे, भिशीचा नाही."

मी म्हणाले, "ज्याला चौदा बायकांचे पैसे सांभाळता येत नाहीत, तो आपली भाषा काय सांभाळणार?"

आणि मग आप्पा वळले. सगळ्या गावासमोर, वर न बघता म्हणाले, "बस की गे खाली."

मी बसले. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते, माझा मुलगा कॉलेजात जात होता. नाव जाहीर झालं, नारळ फुटला, घोषणा झाल्या. मीही हात वर केला. हो, केला. सवयीनेच तो वर गेला.

इथवर बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मतदानाच्या चार दिवस आधी संस्थेतला पोरगा घरी आला आणि पासबुक देऊन गेला. त्यात एका दिवसात एकरकमी 9,800 रुपये जमा. मला वाटलं, माणसाला लाज वाटली असेल. मन खरंच हलकं झालं, त्याच्याविषयी वाईट बोलल्याचं वाईटही वाटलं. संध्याकाळी माहेरी गेले तर आईने कणगी दाखवली. वर्षाचं खायचं भात काढून ठेवलेलं, त्यातलं निम्मं गेलेलं. "आप्पांनी विकलं," ती म्हणाली, "कशाला ते मला विचारू नको." कोनाड्यात पैसे भरल्याची पावती होती. भरणा करणाऱ्याची सही आप्पांची, शेवटच्या अक्षराखाली लांब रेघ ओढलेली.

आप्पा पडवीत पाटावर बसून विळ्याला धार लावत होते. मी पावती पुढे धरली. ते म्हणाले, "चौदा बायकांचे पैसे आले ना? मग झालं. झेंड्याला डाग नको."

दुसऱ्या दिवशी तो उमेदवार तेच खातं दाखवत गल्लोगल्ली फिरला. "बघा, पैन् पै जमा आहे. बाई उगीच बोंब मारत होती." आणि मला तोंड उघडता येईना. पैसे कुणी भरले हे सांगितलं असतं तर माणूस उघडा पडला असता, पण त्याच्याबरोबर आप्पाही. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचा पैसा खाल्ला नाही, तो आपलं भात विकून दुसऱ्याची चोरी झाकतो, हे गावाला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? म्हणून मी खोटारडी ठरले आणि ठरू दिलं.

मतदानाला गेले. आपल्या चिन्हाकडे हात जाईना. तिघे उभे होते. एक आपला. एक राष्ट्रीय पक्षाचा, तोही मराठीच. तिसरा अपक्ष, निवृत्त शाळामास्तर. तो निवडून येणार नाही हे त्यालाही माहीत होतं. मी मास्तरांना मत दिलं. आपला उमेदवार अकरा मतांनी पडला.

चौदा बायका, अकरा मतं. हा हिशेब तुम्ही सगळ्यांनी माझ्याआधी केलात. त्यावर मी नेहमी म्हणत आले की मी कुणालाही काही सांगितलं नाही, कुणाला कुणाला मत दे म्हटलं नाही. ते खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी गटाची बैठक होती. मी वही मधोमध उघडी ठेवली आणि चहा टाकायला आत गेले. आत बराच वेळ थांबले. साखर डब्यात होती, तरी ती शोधत राहिले. बाहेर आले तेव्हा कुणी काही बोलत नव्हतं. आप्पांनी भरलेल्या पैशाचं एक अक्षरही मी त्यांना सांगितलं नाही. फक्त सोळा सह्या आणि नऊ हप्ते दिसतील असं बघितलं. याला तुम्ही प्रचार म्हणा. मी तेव्हा म्हणत नव्हते, आता मला नाही म्हणता येत नाही.

आणि तुमचं म्हणणं मला कळत नाही असं समजू नका. सुप्रीम कोर्टात 2004 पासून सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे. मराठी मत घटलं की लगेच सांगतात, बघा, लोकांनाच आता प्रश्न नको आहे. 2018 आणि 2023 या दोन्ही विधानसभांत आपल्या बाजूचा एकही आमदार गेला नाही, बेकी झाली की काय होतं ते आपण बघितलं. निवडून आलेल्या त्या राष्ट्रीय पक्षाच्या माणसाने गटार बांधलं, रस्ताही केला. पण मराठीतून कागदपत्रं मिळावीत हा शब्द पाच वर्षांत त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. आपला माणूस असता तर त्याने निदान ओरडा केला असता. ते माझ्या खात्यावर आहे. माझ्या सासूबाईंना उताऱ्यावरचं स्वतःचं नाव अजून वाचता येत नाही, आणि कन्नड वाचणारा नातू घरी येईपर्यंत कागद देवघरात ठेवून त्या वाट बघतात, तेव्हा मला त्या अकरा मतांची आठवण येते.

पण मग मीही विचारते. निष्ठा फक्त मतदारानेच पाळायची का? 1985 ला पक्षांतरबंदी कायदा आला. आपल्याच जिल्ह्यात गोकाक, अथणी आणि कागवाड इथले आमदार 2019 मध्ये पक्ष सोडून अपात्र ठरले, आणि 5 डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघेही नव्या चिन्हावर निवडून आले. तिथे मतदारांना कुणी गद्दार म्हटलं नाही. 2002 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून आमदारकी-खासदारकीच्या उमेदवाराला गुन्हे आणि मालमत्ता शपथपत्रावर लिहून द्यावी लागते. गावच्या संस्थेतले सात हप्ते कुठल्या शपथपत्रावर येतात? ते फक्त गावाला माहीत असतात. गावाने गप्प बसायचं ठरवलं तर ते बघणारं दुसरं कुणी नाही.

एकीने मला तोंडावर विचारलं होतं, "9,800 रुपयांसाठी सीमाप्रश्न बुडवलास?" त्या रात्री मला झोप लागली नाही. रक्कम 9 लाख असती तर चाललं असतं का, हे तिला विचारायचं राहूनच गेलं. आणि मलाही कुणीतरी विचारायला हवं होतं, की 98 रुपये असते तर तू उठली असतीस का? मला ठाऊक नाही.

तो माणूस पुढे 2018 च्या प्रचारात राष्ट्रीय पक्षाचं उपरणं गळ्यात घालून फिरला. "बघ, तूच बरोबर होतीस," असं तेव्हा दोघी-तिघींनी येऊन सांगितलं. मला ते बरं वाटलं नाही. त्याला आपणच बाहेर ढकलला असंही असेल. निवडून आला असता तर कदाचित राहिलाही असता, सुधारलाही असता. 2016 ची मी असती तर म्हणाली असती, असली माणसं सुधारत नाहीत. तिचा मला हेवा वाटतो, तिला सगळं स्पष्ट दिसत होतं.

आप्पा 2019 च्या पावसाळ्यात गेले. निकालानंतर तीन वर्षं ते माझ्याशी सगळं बोलले, पीकपाणी, नातवाची फी, आईचं ब्लडप्रेशर. तो एक विषय मात्र त्यांनी काढला नाही, मीही नाही. मी वही उघडी ठेवली होती हे त्यांना कळलं होतं की नाही, तेही मला माहीत नाही. त्यांची ट्रंक आवरताना प्लॅस्टिकच्या एका पिशवीत दोन पावत्या मिळाल्या. एक 1996 ची, 500 रुपयांची. दुसरी 9,800 ची. दोन्ही एकात एक घडी घालून ठेवलेल्या. ज्या माणसाला दोन्ही भरणे सारखेच वाटले, त्याच्याशी भांडण कसं मिटवायचं?

तालुका पंचायतीची मुदत 2021 ला संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं निवडणूक लागली नाही. लागेल तेव्हा सभामंडपात पुन्हा बैठक होईल आणि मी जाणार आहे. खाली बस म्हणणारे आप्पा तिथे नसतील. त्यांच्याशिवाय मला उठता येईल का, हे मला तिथे गेल्यावरच कळेल.

वही माझ्याकडेच आहे, सोळाही सह्यांची. कुणाला बघायची असेल तर घरी या. दुपारी तीननंतर मी असते.